थोरलीने केलेले वाटे

आमच्या वसईजवळच्या गिरीजकडे, नारळी-केळीच्या वाड्यांमध्ये, वाटणीचा एक जुना नेम आहे. थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. वाटे करणाऱ्याला शेवटी उरेल तो घ्यावा लागतो, म्हणून तो कुठलाच वाटा मुद्दाम बारीक करत नाही. वकील नको, पंच नकोत. माणसाच्या लबाडीचा इतका चोख उपयोग करून घेणारा दुसरा नेम मी पाहिलेला नाही.

ह्या नेमातला 'थोरला' म्हणजे थोरला मुलगा, हे मात्र कोणी बोलून दाखवत नसे, कारण त्यात बोलण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटतच नसे. बहिणी वाटणीच्या वेळी यायच्या, जेवायच्या, हक्कसोडीच्या कागदावर सही करायच्या आणि साडी घेऊन परत जायच्या. जमीन भावांची, माहेर बहिणीचं, असा तो व्यवहार.

आमच्या घरात थोरली मी. माझ्यामागे दोन भाऊ. मधला मुंबईला बँकेत आहे आणि विरारला फ्लॅटमध्ये राहतो. धाकटा वाडीतल्या घरातच आई-बाबांबरोबर राहतो, नाक्यावर त्याचं टाइल्सचं दुकान आहे. मला होळी गावात दिली, म्हणजे स्कूटरवर दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर. बाबांचे गुडघे गेल्यापासून वाडी मीच बघते. सकाळी सातला यायचं, सोनचाफा खुडायचा, केळीची पानं कापायची, पाणी सोडायचं आणि दुपारच्या आत घरी. भाऊ दर लग्नकार्यात चारचौघांत सांगायचे, ताई आहे म्हणून वाडी आहे. तोंडी कौतुकाला स्टॅम्प ड्युटी लागत नाही.

तुळशीचं लग्न झाल्यावरच्या रविवारी बाबांनी आम्हा तिघांना ओट्यावर बोलावलं. वाटण्या आपल्या हयातीत, आपल्या डोळ्यांसमोर व्हाव्यात असं त्यांचं म्हणणं होतं. बाबा शेतकरी माणूस, भाषण करत नाहीत. घर दोघा भावांच्या नावावर राहील, म्हणाले. बँकेतल्या ठेवी सगळ्या आईच्या नावावर, त्यात कोणाचा वाटा नाही. जमीन पोरांची, पैसा बायकोचा. आपल्या मागे तिने कुठल्या सुनेपुढे किंवा लेकापुढे हात पसरायचा नाही. इथपर्यंत सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग म्हणाले, वाडीचे तीन वाटे.

धाकट्याला वाटलं, तिसरा वाटा बाबा स्वतःसाठी ठेवतायत. त्याने तसं विचारलंही. बाबांनी त्यालाच उलट विचारलं, माझी पोरं किती? आणि हातातली काठी माझ्याकडे करून म्हणाले, वाटे थोरल्याने करायचे, तर थोरली ही बसली आहे.

धाकटा आधी हसला. ताई काय, तशीही सोडूनच देईल, म्हणाला आणि माझ्याकडे बघू लागला. खरं सांगते, हो म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. जेवायला वाढताना हात आधी भावाच्या ताटाकडे जातो, तसा तो हो आपोआप जिभेवर आला होता. बाबांनीच मला अडवलं. सोडायचं की धरायचं ते वाटे झाल्यावर बघू, म्हणाले.

मी निघाले तेव्हा धाकटा फाटकापर्यंत सोडायला आला. स्कूटर काढून दिली. त्याचा स्वभाव वाईट नाही, हे मला आजही म्हणायचं आहे.

"ताई, प्रॅक्टिकल बोलतो, राग मानू नको," तो म्हणाला. "वाटा घेतला की माहेर राहत नाय. मी काय बोलणार नाय, पण घरातलं वातावरण बदलतं. तू विचार कर."

विचार काय करणार, मी घाबरले. होळी गावातच, आमच्या गल्लीत एक बाई आहे. तिने कोर्टात जाऊन वाटा घेतला. तिचा भाऊ रोज तिच्या दारावरून मोटरसायकलने जातो आणि मान वळवत नाही. भाऊबीजेला ती दार लावून टीव्ही मोठ्याने लावते. माझ्या डोळ्यांसमोर तीच येत राहिली. पाटाभोवती रांगोळी काढायची, ताट करायचं, आणि कोणी यायचं नाही.

वाडी आमची साठ गुंठ्यांची. पुढच्या अंगाला रस्ता, रस्त्याला लागून नारळ आणि चाफा. मधे केळी. मागच्या अंगाला मधोमध बावखल. आमच्या भागात वाडीत खणलेल्या चौकोनी तळ्याला बावखल म्हणतात. पावसाचं गोडं पाणी त्यात साठतं आणि तेच वर्षभर झाडांना पुरवायचं. पूर्वी त्यावर रहाट होता, आता पंप आहे. बावखलाच्या दोन्ही बाजूंना आणि मागे सखल जमीन आहे, पावसाळ्यात तिथे पाणी तुंबतं आणि अळूशिवाय काही होत नाही. आणि आताच्या दिवसांत किंमत कशाला, तर रस्त्याला. रस्त्याकडच्या गुंठ्यासाठी बिल्डरची माणसं महिन्यातून एकदा फाटकावर गाडी थांबवतात. मागच्या अंगाकडे ते बघतही नाहीत.

मी तीन सकाळी खपून वाटे केले. काथ्याची दोरी, बांबूच्या खुंट्या, आणि एका सकाळी दोरीचं दुसरं टोक धरायला माझा नवरा. पुढच्या जमिनीचे दोन भाग केले, दोन्हीला रस्ता, नारळ, चाफा, केळी. तिसरा वाटा मागचा, म्हणजे बावखल आणि सखल जमीन. कागदावर प्रत्येकी वीस गुंठे बरोबर बसत होते. धाकटा उचलणार, मधला उचलणार, उरेल तो मागचा माझा. माझं नाव सात-बारावर लागेल, भावांचं तोंड बंद राहील, माहेर टिकेल. सुंठीवाचून खोकला गेला. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश होते की त्या दिवशी घरी जाताना पाव किलो जिलेबी घेतली.

दुसऱ्या दिवशी बाबा काठी टेकत वाटे बघायला आले. ओट्यापासून मागच्या टोकापर्यंत यायला त्यांना पाऊण तास लागला असेल. प्रत्येक खुंटीपाशी थांबले, दोरीच्या रेषेत बघितलं.  मग वाकले आणि पहिली खुंटी उपटली. त्यांना वाकता येत नाही. मी पुढे झाले, सांगा, मी काढते म्हटलं, पण त्यांनी हात लावू दिला नाही. एकेक करून सगळ्या खुंट्या त्यांनी स्वतः उपटल्या, काखोटीला मारल्या आणि बावखलाच्या काठावरच्या दगडावर येऊन बसले. 

"बाय, हे तीन वाटे नाहीत," ते म्हणाले. "दोन वाटे आणि एक भीक आहे."

मी मोकळी झालेली दोरी गुंडाळायला लागले.

"करणाऱ्याने दुसऱ्याला फसवू नये म्हणून हा नेम. करणारीच स्वतःला फसवायला लागली तर नेम काय करणार? असे तीन कर, की कुठलाही आला तरी तुला रडू येणार नाही."

मग त्यांनी मला आईची गोष्ट सांगितली. मला वाटत होतं ती मला माहीत आहे. आईचं माहेर नालासोपाऱ्याकडे होतं. आमच्यासारखीच वाडी, तिथेही बावखल. तिचे वडील गेल्यावर भावांनी सहीसाठी निरोप धाडला. आईची इच्छा नव्हती. जमीन नको होती तिला, पण एक आंब्याचं झाड तिच्या नावाने लावलेलं होतं, तेवढं माझं म्हणून लिहा, एवढंच ती म्हणत होती. बाबांनी तिला समजावलं, झाडापायी भावांशी वाकडं घेऊ नये. एसटीत बसवून वसईला कचेरीत नेलं आणि सही करायला लावली. हिरवी साडी मिळाली. पुढे काही वर्षं भाऊबीज आली, मग वाडी विकली, बावखल बुजवलं, आंबा कापला, आणि भाऊ पैसे घेऊन पांगले. आज तिथे इमारत उभी आहे. माहेर राहावं म्हणून सही केली आणि सहीच तेवढी राहिली.

"मला कोणी जबरदस्ती केली नव्हती," बाबा म्हणाले. "मीच नेलं होतं तिला."

आमची रिक्षा त्या रस्त्याने जाते तेव्हा आई पिशवीत काहीतरी शोधायला लागते. लहानपणापासून मी बघत आले आहे. मला वाटायचं, सुटे पैसे शोधते. त्या दगडाशी उभी असताना मला कळलं की ती इमारत मागे पडेपर्यंत ती पिशवीत डोकं घालून बसते. मला बाबांचा फार राग आला. त्यांना तो दिसला असणार, कारण त्यांनी मान खाली घातली. आणि त्याच वेळी त्या उपटलेल्या खुंट्या त्यांनी मांडीवर ज्या तऱ्हेने धरल्या होत्या ते बघून त्यांच्याशेजारी जाऊन बसावंसंही वाटलं. दोन्ही एकदम झालं, त्याला माझा इलाज नव्हता.

पुन्हा वाटे करायला मला तीन आठवडे लागले. ह्या वेळी रस्त्यापासून मागच्या हद्दीपर्यंत तीन लांब पट्टे. प्रत्येकाला रस्ता, प्रत्येकाला नारळ, चाफा, केळी आणि थोडी सखल जमीन. बावखल वाटायचं नाही, ते तिघांच्या नावावर सामाईक, आणि कोणीही बुजवू नये असं कागदात लिहायचं. बोलायला सोपं, पण वाडी म्हणजे पोळी नव्हे. उत्तरेच्या पट्ट्यात चांगले नारळ कमी पडत होते, म्हणून तो हातभर रुंद केला. दक्षिणेच्या पट्ट्यावर शेजारच्या इमारतीची सावली दुपारनंतर येते, तिथे चाफा कमी फुलतो, म्हणून त्यात जास्तीची केळी घेतली. मधल्यातल्या सखल जमिनीची भरपाई पुढे केली. काम आटोपलं की मी रोज एका पट्ट्यात जाऊन उभी राहायचे आणि स्वतःला विचारायचे, हाच उरला तर रडशील का? दक्षिणेच्या पट्ट्यात बरेच दिवस उत्तर हो असंच यायचं. खुंटी वीतभर सरकवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं. एके दिवशी तिथे उभी राहिले आणि मनात आलं, इथे पानवेल चांगली होईल, सावली आहे. त्या दिवशी खुंट्या पक्क्या ठोकल्या.

उचलायच्या दिवशी धाकटा दुकानातलं लेझरचं मोजायचं यंत्र घेऊन आला. ताईवर भरवसा आहे, पण खात्री केलेली बरी, म्हणाला. सकाळी नऊला वाडीत शिरला. नारळ मोजले, चाफा मोजला, केळीचे गड्डेसुद्धा मोजले. प्रत्येक खुंटीला यंत्र लावून लाल ठिपका पाडला. आम्ही ओट्यावर बसून त्याचं डोकं केळीमधून वरखाली होताना बघत होतो. साडेबाराला तो घामाघूम होऊन आला आणि यंत्र आपटून ठेवलं.

"तिन्ही सारखेच आहेत," तो म्हणाला.

हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं. आईने हसू लपवायला पदर तोंडाला लावला. माझ्या कामाचं एवढं चांगलं कौतुक आजवर कोणी केलेलं नाही, आणि करणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. मधला म्हणाला, मग उचल कुठलाही, जेवायला बसू. पण धाकटा अडून बसला. ताईचं काय ते आधी ठरू दे, ती सोडणार असेल तर तीन कशाला, दोनच होतात. आता सगळे माझ्याकडे बघू लागले. बाबा सोडून. बाबा अंगणात बघत होते.

तीन आठवडे खुंट्या सरकवताना मी बोलायचं काय ते जमवून ठेवलं होतं. 

"मी सोडणार नाही," मी म्हटलं. "भाऊबीजेला तू आलास तर ताट वाढीन. नाही आलास तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला इथे पाणी सोडायला येईन. तेवढं कोणाला विचारून करायचं आता राहिलेलं नाही."

 मग धाकट्याने उत्तरेचा पट्टा उचलला. तिथे जुन्या रहाटाचा चौथरा आहे, लहानपणी तो त्यावर बसून डबा खायचा. मधल्याने मधला घेतला. दक्षिणेचा, सावलीचा, माझ्याकडे आला. मला रडू आलं नाही.

कागद करायला आम्ही सगळे वसईला गेलो. दस्त लिहिणाऱ्याने सवयीप्रमाणे विचारलं, बहिणीचं हक्कसोडपत्र आणलंत ना? बाबा म्हणाले, बहीण वाटेकरी आहे. त्याने चष्मा वर करून माझ्याकडे एकदा बघून घेतलं आणि पुढे लिहू लागला. नोंदणीच्या दिवशी कचेरीत ही गर्दी. आमचा नंबर आला, बाबांनी सही केली, आम्ही तिघांनी केली, अंगठे दिले, फोटो काढले. संमतीच्या सहीसाठी कागद आईपुढे आला. तिने पेन हातात घेतलं नाही.

"मला वाचून दाखवा," ती म्हणाली.

टेबलापलीकडचा माणूस म्हणाला, आजी, मोठा आहे कागद, मागे लोक उभे आहेत, तुमच्याच माणसांनी केलाय, सही करा फक्त.

"मागे एकदा अशाच कचेरीत माझ्याच माणसांनी मला सही करा फक्त म्हटलं होतं," आई म्हणाली. "तेव्हा मला कोणी वाचून दाखवलं नाही. आता ऐकल्याशिवाय मी सही करणार नाही."

आईची चौथी झालेली आहे. चष्मा तिच्या पिशवीतच होता. तिने कागद उचलला आणि धाकट्याच्या हातात दिला. तू वाच, म्हणाली, सगळं वाच. तो इकडेतिकडे बघायला लागला, पण आईच्या चेहऱ्याकडे बघून वाचायला लागला. नावं, वयं, गट नंबर, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमुक. मागचे लोक कुरकुरत होते, मग हळूहळू तेही ऐकायला लागले. स्वतःचा वाटा त्याने भराभर वाचला. माझ्या वाट्याशी आला तेव्हा त्याचा वेग कमी झाला. माझं नाव, सासरचं आडनाव आणि पुढे 'यांच्या कायम मालकीचा' हे शब्द त्याने थांबत थांबत वाचले. मग बावखलाचं कलम. सदर बावखल कोणीही वाटेकरी बुजवणार नाही.

"हे परत वाच," आई म्हणाली.

त्याने परत वाचलं. मग तिने चष्मा लावला आणि एकेक अक्षर जोडत पूर्ण नाव लिहिलं. बाबा भिंतीला टेकून उभे होते. ते आईकडे बघत नव्हते, तिच्या हाताकडे बघत होते.

पुढच्या दिवाळीत भाऊबीजेला मधला आला, बायकोपोरांना घेऊन आला. धाकटा आला नाही. रांगोळी काढलेली होती, दुसरा पाट मांडलेला होता, आणि दिवेलागणीपर्यंत मी तो उचलला नाही. त्यानंतर स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले. नवरा म्हणाला, पश्चात्ताप होतो का? नाही, म्हटलं, रडू येतं. दोन्ही वेगळं आहे. दुसऱ्या दिवशी सातला मी वाडीत होते.

धाकटा आता माझ्याशी पंपाच्या वेळेपुरतं बोलतो. तू आधी की मी आधी, एवढंच. ते मला चालतं. न बोलण्यापेक्षा बरं आहे, आणि पाणी कोणाचं अडलेलं नाही. माझ्या पट्ट्यातली पानवेल सावलीत चांगली धरली आहे.

कागद झाल्यापासून आई रोज साडेसातच्या सुमारास किटलीत चहा घेऊन माझ्या पट्ट्यात येते. बावखलाच्या दगडावर बसते, चहा पिते, मला देते, फारसं बोलत नाही. घर शंभर पावलांवर आहे. चहा मी तिथे जाऊनही पिऊ शकते, म्हणून मला वाटायचं, माझे हेलपाटे वाचवायला येते. एकदा मी घराजवळच्या केळीच्या आड पानं कापत होते. आई घराच्या मागच्या दारातून निघाली, तशी धाकट्याच्या बायकोने आतून विचारलं, आई, सकाळी सकाळी रोज कुठे जाता?

"जरा माहेरी जाऊन येते," आई म्हणाली आणि किटली सावरत बावखलाच्या बाजूला वळली.

मी कोयता खाली ठेवला आणि थोड्या वेळाने मागोमाग गेले. ती दगडावर बसली होती, तिने चहा ओतला. मी ऐकलं हे तिला कळलं की नाही, मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून मी तिला रिकाम्या हाताने परत जाऊ देत नाही. कधी केळीचं पान, कधी अळू, काही नाही तर चाफ्याची पाच फुलं तिच्या ओटीत घालते.